कोकणातील रस्ते आणि वाहतूक बदलांचे जुने कागद कसे पाहावेत : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

आपल्या गावाच्या बाजारपेठेतील एकेरी वाहतूक नेमकी कधी सुरू झाली, बंदरावर जाणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, बुजवून तिथे डांबरी रस्ता कोणाच्या ठरावाने झाला, खाडीवर पूल होण्यापूर्वी तर (माणसे पलीकडे नेणारी होडी) कुठून सुटत असे, असे प्रश्न कोकणातील अनेकांना पडतात. त्यांची उत्तरे वडीलधाऱ्यांच्या आठवणीत सापडतात, पण आठवणीतले साल दहा वर्षांनी इकडेतिकडे होते. कागदावरचे साल सहसा होत नाही, आणि यांपैकी बहुतेक कागद पाहण्याचा अधिकार सामान्य नागरिकाला आहे. अडचण एवढीच असते की कोणता कागद, कोणत्या नावाने आणि कोणत्या कार्यालयात मागायचा हे आधी कोणी सांगितलेले नसते. हा लेख त्यासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. रस्त्याचे कागद रस्त्याच्या नावाने ठेवलेले नसतात, ते रस्ता ज्याच्या ताब्यात होता त्याच्या दप्तरात असतात. म्हणून "हा रस्ता त्या वर्षी कोणाकडे होता?" याचे उत्तर मिळेपर्यंत कोणत्याही कार्यालयाची पायरी चढू नये. हे न ठरवता निघालेला माणूस नगर परिषदेतून बांधकाम विभागात, तिथून जिल्हा परिषदेत आणि तिथून परत नगर परिषदेत फिरत राहतो.

पहिली पायरी : प्रश्न लहान करा

"आमच्या शहरातील रस्त्यांचा इतिहास" हा विषय अभ्यासाला चांगला आहे, पण शोधाला निरुपयोगी आहे. वहीच्या एका पानावर रस्त्याची दोन टोके लिहा, त्या टोकांना पूर्वी काय म्हणत ते लिहा, बदल कोणता झाला ते लिहा आणि तो साधारण कोणत्या दशकात झाला असावा ते लिहा. जुनी नावे महत्त्वाची आहेत. आज ज्याला मुख्य रस्ता म्हणतात त्याची कागदावरील नोंद "बंदर रोड", "कचेरी रोड" किंवा एखाद्या आळीच्या नावाने असू शकते, आणि अभिलेख कक्षातील कारकून त्या नावानेच गठ्ठा शोधणार असतो.

दुसरी पायरी : रस्ता कोणाचा, हे वर्षागणिक ठरवा

महाराष्ट्रात रस्त्यांचे दर्जे ठरलेले आहेत. राष्ट्रीय महामार्ग, प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजेच प्रजिमा, इतर जिल्हा मार्ग म्हणजेच इजिमा, आणि शेवटी ग्रामीण मार्ग. स्थूलमानाने प्रमुख जिल्हा मार्गापर्यंतचे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात आणि शहराच्या हद्दीतील गल्ल्या व अंतर्गत रस्ते नगर परिषदेकडे किंवा नगर पंचायतीकडे असतात. मात्र एकच रस्ता काळाच्या ओघात या पायऱ्यांवरून वरखाली जातो. ग्रामीण मार्गाची दर्जोन्नती होऊन तो प्रजिमा होतो. महामार्ग गावाबाहेरून वळवला की गावातला जुना तुकडा मूळ महामार्ग राहत नाही. झाराप ते पत्रादेवी हा महामार्ग सावंतवाडी शहराला बाजूला ठेवून गेला, तेव्हा शहरातून जाणाऱ्या जुन्या मार्गाची जबाबदारी कोणत्या तारखेपासून कोणाकडे आली, हा अशाच शोधाचा विषय आहे. यासाठी बांधकाम विभागात "रस्ता हस्तांतरण" आणि "दर्जोन्नती" हे दोन शब्द वापरून विचारणा करावी.

रस्त्याचा क्रमांकही बदलतो. पनवेलहून गोव्याकडे जाणारा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग १७ होता आणि २०१० मध्ये देशभरच्या क्रमांकांची फेररचना झाल्यावर तो ६६ झाला. जुन्या कागदांत ६६ शोधाल तर काहीच हाती लागणार नाही. त्याच्या चौपदरीकरणाचे कामही एका यंत्रणेकडे नव्हते. पनवेल ते इंदापूर हा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि इंदापूरपासून खाली झारापपर्यंतचा भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे होता. त्यामुळे पेणच्या माणसाने आणि लांज्याच्या माणसाने एकाच महामार्गासाठी वेगवेगळ्या दारात अर्ज द्यायचा असतो.

जिल्ह्यांच्या हद्दीही लक्षात ठेवाव्यात. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे मालवण, कणकवली किंवा वेंगुर्ल्याच्या त्याआधीच्या काही नस्त्या, म्हणजे फायली, ओरोसला सिंधुदुर्गच्या मुख्यालयात मिळत नसतील तर त्या रत्नागिरीच्या अभिलेख कक्षात आहेत का, हे विचारावे. रायगडचे जुने कागद कुलाबा जिल्हा या नावाखाली असतात. सावंतवाडी आणि जंजिरा ही १९४८ पर्यंत संस्थाने होती, म्हणून तिथल्या त्याआधीच्या रस्त्यांचा शोध इंग्रजी मुलखातील तालुक्यांपेक्षा वेगळ्या दप्तरांतून घ्यावा लागतो. गुहागर, देवरूख, कुडाळ, देवगड यांसारख्या ठिकाणी आज नगर पंचायत आहे, पण आधी ग्रामपंचायत होती. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना २३ ही ताब्यातील रस्त्यांची नोंदवही असते, आणि नगर पंचायत होताना ती पुढे सोपवली गेली का, ही पहिली चौकशी असते.

तिसरी पायरी : अर्ज न करता जे मिळते ते आधी वाचा

कार्यालयात जाण्यापूर्वी घरी बसून आठवडाभर वाचन करावे, कारण त्यामुळे पुढचे महिने वाचतात.

मुंबई इलाख्याच्या जिल्हावार गॅझेटियरपैकी रत्नागिरी व सावंतवाडीचा दहावा खंड १८८० मध्ये, तर कुलाबा व जंजिऱ्याचा अकरावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत त्या काळचे रस्ते, घाट, तरी आणि बंदरे यांवर स्वतंत्र मजकूर आहे. स्वातंत्र्यानंतर राज्य शासनाने काढलेले रत्नागिरीचे गॅझेटियर १९६२ चे आणि कुलाब्याचे १९६४ चे आहे. हे सर्व खंड संगणकावर विनामूल्य वाचता येतात. जुना आणि नवा खंड शेजारी ठेवून आपल्या तालुक्याचा मजकूर वाचला की मधल्या ऐंशी वर्षांत कोणता घाट गाडीवाटेचा झाला आणि कोणती तर मागे पडली याचा ढोबळ अंदाज येतो.

दुसरे साधन म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. तिच्या नगर निर्देशिकेत शहरातील पक्क्या व कच्च्या रस्त्यांची लांबी, जवळचे रेल्वे स्थानक यांसारख्या नोंदी दर दहा वर्षांनी येतात. तिसरे साधन अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" आहे. त्यात जिल्ह्यातील रस्त्यांची प्रकारवार लांबी आणि नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या दरवर्षी दिलेली असते. आकड्यांच्या या पुस्तिका कोरड्या दिसतात, परंतु दुचाकींच्या रकान्यावर बोट ठेवून वीस वर्षांच्या पुस्तिका एकामागून एक उलटल्या, की बाजारपेठेतील कोंडी कधीपासून वाढत गेली असावी हे स्वतःच कळते.

राजपत्र विसरू नये. महामार्गासाठी जमीन घेतल्याच्या अधिसूचना भारताच्या राजपत्रात असतात आणि राज्याच्या अनेक स्थानिक अधिसूचना महाराष्ट्र शासन राजपत्राच्या कोकण विभागीय पुरवणीत असतात. भूसंपादनाच्या अधिसूचनेत गट क्रमांक व क्षेत्र छापलेले असल्याने रस्ता किती रुंद करायचा होता हे तिच्यावरून मोजता येते.

जुन्या नकाशांपैकी अमेरिकेच्या लष्करी नकाशा विभागाने काढलेले १ : २,५०,००० प्रमाणाचे भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. ते गल्लीसाठी उपयोगी नाहीत, पण घाट, मुख्य रस्ते आणि खाडीकाठ पाहण्यासाठी चांगले आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे त्यापेक्षा बारकाईचे असतात. आपल्या किनाऱ्याची पाने ४७ आणि ४८ या क्रमांकांखाली येतात. उपग्रहचित्रांची जुनी मालिका गुगल अर्थवर मागे सरकवून पाहता येते, परंतु पावसाळ्यातील ढगांमुळे कोकणाची उपयोगी चित्रे बहुधा ऑक्टोबर ते मे या काळातलीच सापडतात.

चौथी पायरी : गाव नकाशा आणि मोजणीचे कागद

या पायरीवर थोडे रेंगाळावे असे मी आग्रहाने सांगेन. तालुक्याच्या उप अधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयात गाव नकाशाची नक्कल शुल्क भरून मिळते. शहरी भागात नगर भूमापन झालेले असेल तर तिथेच मालमत्ता पत्रक आणि नगर भूमापनाचे नकाशे मागता येतात. मूळ गाव नकाशे १ : ७,९२० या प्रमाणाचे, म्हणजे एका मैलाला आठ इंच अशा मापाचे असतात. त्यांवर रस्ता कसा काढला आहे हे पाहण्यालाच खरा अर्थ आहे. दोन सलग रेषा असतील तर तो रस्ता, दोन तुटक रेषा असतील तर गाडीमार्ग आणि एकच तुटक रेषा असेल तर पायमार्ग.

मापेही समजून घ्यावीत. आपल्याकडील जुनी मोजणी ३३ फुटांच्या साखळीने झाली, आणि त्या साखळीचे १६ आणे धरले जात. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात ती याच साखळीच्या चार आण्यांतून आली आहे आणि गाडीमार्गाची साडेसोळा फुटांपासून पुढची रुंदी आठ आण्यांतून आली आहे. हे माहीत नसलेला माणूस जुन्या मोजणीच्या कागदावर "आणे" वाचून ती रक्कम समजतो.

मी एका खाडीकाठच्या गावचा असा नकाशा प्रथम हातात घेतला तेव्हा कापडावर चिकटवलेल्या त्या कागदाच्या घड्या इतक्या विरल्या होत्या की टेबलावर तो चार तुकड्यांसारखा पसरला. आज जिथून ट्रक जातात तिथे नकाशावर एकच तुटक रेषा होती. ती एका पऱ्यापाशी, म्हणजे ओढ्यापाशी, थांबत होती आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होत होती. मधे काहीच काढलेले नव्हते, कारण तिथे पावसाळ्यानंतर दरवर्षी नव्याने साकव, म्हणजे कामचलाऊ पूल, घातला जाई. नकाशातील ती मोकळी जागा मला त्या रस्त्याबद्दल इतर कोणत्याही कागदापेक्षा जास्त सांगून गेली. म्हणून नकाशावर जे आहे त्याबरोबर जे नाही तेही वहीत लिहून ठेवावे.

रस्त्यासाठी खासगी जमीन गेली असेल तर फेरफार नोंद, म्हणजे गाव नमुना ६, पाहावी. फेरफारात कारण आणि तारीख असते आणि तिच्यावरून भूसंपादनाच्या निवाड्याचा क्रमांक मिळतो. निवाडा बहुधा उपविभागीय अधिकारी किंवा भूसंपादन अधिकारी कार्यालयाच्या दप्तरात असतो. फार जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. तिथे अंदाजाने वाचण्यापेक्षा जाणकार मोडी वाचकाची मदत घ्यावी, कारण मोडीत एका वळणाने गावाचे नाव बदलते.

नगररचना विभागाच्या विकास योजनेबद्दल एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली होणाऱ्या या योजनेत रस्ते जसे व्हावेत असे ठरले तसे दाखवलेले असतात. त्यातील अनेक रस्ते प्रत्यक्षात कधीच झालेले नसतात. योजनेचा नकाशा पुरावा म्हणून द्यायचा तर तो हेतूचा पुरावा आहे, रस्त्याचा नव्हे. मात्र प्रारूप योजनेवर नागरिकांनी घेतलेल्या हरकती व सूचना मिळाल्या तर त्या अवश्य वाचाव्यात. एखाद्या आळीतील लोकांना रुंदीकरण का नको होते, हे त्यांच्याच शब्दांत तिथे सापडते.

पाचवी पायरी : नगर परिषदेचे ठराव

शहरातील रस्ता असेल तर सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते हा मुख्य आधार आहे. ठरावात विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि निर्णय असतो. रस्त्याचे नामकरण, गाळे मागे घेणे, रिक्षा थांब्याची जागा, आठवडा बाजार हलवणे, हातगाड्यांना बंदी, असे सगळे तिथे येते. इतिवृत्तांच्या वह्या वर्षवार बांधलेल्या असतात, त्यामुळे साल नक्की नसेल तर आधी नगर परिषदेची वार्षिक अंदाजपत्रके पाहावीत. रस्त्यावर खर्च कोणत्या वर्षी पडला हे कळले की त्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या इतिवृत्तांत ठराव शोधता येतो.

सहावी पायरी : बांधकाम विभागाची नस्ती आणि वाहतूक गणना

बांधकाम विभागात एका कामाचे कागद ठरलेल्या क्रमाने जन्मतात. त्या कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि शेवटी देयक. नवख्या माणसाने अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका या दोनच गोष्टी आधी मागाव्यात. अंदाजपत्रकासोबतच्या अहवालात काम का हवे आहे ते लिहिलेले असते. मोजमाप पुस्तिकेत काम प्रत्यक्षात किती झाले ते लांबी, रुंदी आणि जाडी अशा रकान्यांत असते. एखाद्या पानावर "कि.मी. १२/२०० ते १२/६००" असे दिसले तर त्याचा अर्थ रस्त्याच्या बाराव्या किलोमीटरनंतरच्या २०० मीटरपासून ६०० मीटरपर्यंतचा तुकडा. जुन्या पुस्तिकांत मैल आणि फर्लांग असतात, आठ फर्लांगांचा एक मैल. रस्त्याची लांबी मधल्या काळात वळणे सरळ केल्याने बदललेली असू शकते, म्हणून जुन्या साखळी क्रमांकावरून, म्हणजे वरच्यासारख्या अंतराच्या आकड्यावरून, जागा ठरवताना मोरी, पूल किंवा देऊळ असा न हलणारा खुणेचा बिंदू जवळ ठेवावा.

पुलांचे कागद वेगळे मागावेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या गाड्यांसह माणसे गेली. त्यानंतर कोकणातील जुन्या पुलांच्या तपासणीचे अहवाल हा प्रत्येक नागरिकाच्या आस्थेचा विषय झाला आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पुलांची तपासणी व्हावी अशी रीत आहे, त्यामुळे अमुक पुलाचे गेल्या इतक्या वर्षांचे तपासणी अहवाल असे नेमके शब्द वापरून ते पाहायला मागता येतात.

वाहतुकीचे आकडे हवे असतील तर शब्द "वाहतूक गणना" हा आहे. रस्त्यावर ठरावीक ठिकाणी सलग सात दिवस, चोवीस तास जाणारी वाहने मोजतात, आणि भारतीय रस्ते काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेनुसार अशी गणना वर्षातून किमान दोनदा अपेक्षित आहे. तक्त्यात वाहनांच्या संख्येखेरीज आणखी एक आकडा असतो, प्रवासी कार एकक. त्यात मोटारीला १, सायकलीला ०.५, बस किंवा मालट्रकला ३ आणि बैलगाडीला ८ असा भार धरतात, कारण हळू चालणारी गाडी रस्ता जास्त अडवते. म्हणून दोन काळांतील गणना ताडून पाहताना एककांची बेरीज एकमेकींशी थेट लावू नये. बैलगाड्या संपून दुचाकी आल्या त्या काळात वाहने दुप्पट होऊनही एकके फारशी वाढलेली दिसत नाहीत.

कोकणात गणनेचा महिना पाहिल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, आंब्याच्या गाड्या धावत असतात. जुलैत तोच रस्ता निम्मा रिकामा असतो. गणपतीच्या आधीचे चार दिवस आणि शिमग्याचे दिवस यांचा तर हिशेबच निराळा. गणनेचा तक्ता मिळाला की पहिली नोंद तारखेची करावी आणि त्या आठवड्यात सण, सुट्टी किंवा घाट बंद असण्याची घटना होती का हे वर्तमानपत्रांतून तपासावे.

वर्तमानपत्रांसाठी गावातील जुनी वाचनालये आधार आहेत. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे आहे. अशा संस्थांत स्थानिक साप्ताहिकांचे अंक आहेत का ते ग्रंथपालांना आधी फोन करून विचारावे, आणि बांधीव खंड हाताळताना त्यांच्या सूचना पाळाव्यात.

सातवी पायरी : वाहतुकीचे आदेश

रस्ता तोच राहिला पण त्यावरून जाण्याची रीत बदलली असेल, म्हणजे एकेरी वाहतूक, सम-विषम तारखांचे पार्किंग, अवजड वाहनांना बंदी, तर कागद वेगळ्या दारात आहे. असे आदेश मुख्यतः मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ ते ११७ खाली किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ खाली निघतात. त्यामुळे शोध जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत, पोलीस अधीक्षक कार्यालयात आणि जिल्हा वाहतूक शाखेत घ्यावा. १९८८ पूर्वीच्या आदेशांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्याचा उल्लेख असेल. आदेश बहुधा आधी तात्पुरता, मग कायम असा दोनदा निघालेला असतो, म्हणून एक सापडला की थांबू नये. नगर परिषदेने पाठवलेला प्रस्ताव, पोलिसांचा अभिप्राय आणि अंतिम अधिसूचना अशी तिन्ही टोके जुळली पाहिजेत.

खाडीवरच्या वाहतुकीचे कागद रस्त्याच्या नस्तीत नसतात. दाभोळ ते धोपावे किंवा वेश्वी ते बागमांडला अशा वाहने नेणाऱ्या जंगलजेटींचे आणि प्रवासी तरींचे परवाने व ठेके यांसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात विचारावे. हे बोर्ड १९९६ मध्ये झाले, त्याआधीच्या काळासाठी जुन्या बंदर खात्याचे दप्तर शोधावे लागते.

आठवी पायरी : माहितीचा अधिकार नीट वापरा

तोंडी विनंतीने काम झाले तर उत्तमच, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते पुष्कळदा होते. नाही झाले तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या कार्यालयाने कलम ४ खाली स्वतःहून जाहीर केलेली सतरा बाबींची माहिती वाचावी. कोणत्या प्रकारचे दस्तऐवज आपल्याकडे आहेत हे त्यात त्यांनीच लिहिलेले असते, आणि तेच शब्द अर्जात वापरता येतात.

माझा पहिला अर्ज वाया गेला. "अमुक रस्त्याबाबत सर्व माहिती मिळावी" असे मी लिहिले होते आणि तिसाव्या दिवशी "माहिती मोघम असल्याने देता येत नाही" असे उत्तर आले. दुसऱ्या अर्जात मी प्रती मागितल्याच नाहीत, कागद पाहायला मागितले. ठरलेल्या दिवशी दोन नस्त्या टेबलावर आल्या. एका नस्तीच्या टिपणीत, वळणावर एका बैलगाडीसमोर बस आली की दोघांनाही हटता येत नाही, म्हणून कोपऱ्यावरचा गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, पाडावा, असे एका शाखा अभियंत्याने सुंदर अक्षरात लिहिले होते. तो गडगा कोणत्या कामात गेला हे आमच्या गावात कोणालाच माहीत नव्हते. दोनशे पाने उलटून त्यातल्या सहा पानांच्या प्रती मी घेतल्या.

म्हणून नवख्यांना माझा सल्ला असा की आधी अवलोकन मागावे, प्रती नंतर. माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येतच दस्तऐवजांची पाहणी करणे, टिपणे घेणे आणि प्रमाणित प्रती मिळवणे येते. पाहणीचा पहिला तास विनामूल्य असतो. अर्जाचे शुल्क १० रुपये असून ते न्यायालय शुल्क मुद्रांक लावून भरता येते, प्रतीचे पानी २ रुपये पडतात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एक अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. मजकूर साधारण असा ठेवावा :

"आपल्या कार्यालयाच्या ताब्यातील अमुक चौक ते अमुक बंदर या रस्त्याच्या रुंदीकरणाच्या कामाची नस्ती, मंजूर अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिका, कालावधी अमुक साल ते अमुक साल, यांचे अवलोकन करावयाचे आहे. अवलोकनानंतर मी निवडलेल्या पानांच्या प्रमाणित प्रती शुल्क भरून मिळाव्यात. सदर अभिलेख आपल्या कार्यालयाकडे नसल्यास अर्ज कलम ६(३) नुसार संबंधित कार्यालयाकडे वर्ग करून मला कळवावे."

शेवटचे वाक्य गाळू नये, कारण त्यामुळे योग्य कार्यालय शोधून पाच दिवसांत अर्ज पाठवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे अपील करता येते. कोकणाचे आयोगाचे खंडपीठ वेगळे आहे. जुन्या कागदांच्या बाबतीत कलम ८(३) लक्षात ठेवावे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेसंबंधी माहिती नाकारण्याची बहुतेक कारणे त्या कलमामुळे उरत नाहीत.

अर्जाशिवायही एक दार आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरील कार्यालयांत व स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी खुले ठेवण्यास सांगितले आहे. सोमवारी जाताना शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवावी, आणि आधीच्या आठवड्यात काय पाहायचे ते लेखी कळवावे म्हणजे गठ्ठा काढून ठेवता येतो.

"अभिलेख सापडत नाही" असे उत्तर आले तर रागावून परतू नये. सरकारी कागदांचे वर्ग ठरलेले असतात. अ वर्ग कायम ठेवायचा, ब वर्ग तीस वर्षे, क वर्ग दहा वर्षे, क-१ पाच वर्षे आणि ड वर्ग एक वर्ष. मुदत संपलेल्या कागदांचे निंदणीकरण, म्हणजे छाटणी, होते आणि नष्ट केलेल्या कागदांची यादी ठेवावी लागते. म्हणून पुढचा अर्ज त्या नस्तीचे वर्गीकरण, अभिलेख कक्षाची नोंदवही आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी पाहण्यासाठी करावा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ नुसार अभिलेख परस्पर नष्ट करणे हा गुन्हा आहे. कोकणात पूर हेही खरे कारण असते. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ च्या महापुरांत चिपळूण, महाड या गावांत तळमजल्यावर जे होते ते पाण्यात गेले. अशा वेळी त्याच कागदाची दुसरी प्रत ज्याला पाठवली होती ते वरिष्ठ कार्यालय शोधावे. अंदाजपत्रक विभागात नसेल तर मंडळ कार्यालयात असते, प्रस्ताव पालिकेत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात असतो.

नववी पायरी : स्वातंत्र्यपूर्व काळासाठी मुंबई

एकोणिसाव्या शतकातील घाटरस्ते, पूल आणि बंदररस्ते यांचे कागद महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयात असतात. १८२१ पासूनची ही संस्था मुंबईत काळा घोडा येथे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. ओळखपत्र, कामाचा हेतू सांगणारे पत्र आणि साधा अर्ज एवढ्यावर वाचन कक्षात बसता येते. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याचे खंड सालवार आहेत. अनुक्रमणिकेत गावाचे नाव इंग्रजी राजवटीतील स्पेलिंगने शोधावे लागते, तेव्हा गॅझेटियरमधील स्पेलिंग आधीच वहीत उतरवून न्यावे. पेन्सिल आणि वही न्यावी, शाईचे पेन नेऊ नये.

मिळालेले कागद कसे जपावेत

प्रत्येक प्रतीच्या मागे पेन्सिलने कार्यालयाचे नाव, नस्ती क्रमांक, पान क्रमांक आणि प्रत मिळाल्याची तारीख लिहावी. ज्या नस्तीत शोधूनही काही मिळाले नाही तिचीही नोंद ठेवावी, म्हणजे पुढच्या माणसाचे दोन महिने वाचतील. नस्तीत जमीनमालकांची नावे, सही, वैयक्तिक तक्रारी असतील तर त्या जशाच्या तशा कोणाला वाटू नयेत. काम पूर्ण झाल्यावर कागदांचा एक संच गावातील वाचनालयात द्यावा, ग्रंथपालांकडून दाखल नोंदवहीतील क्रमांक घ्यावा आणि तो क्रमांक आपल्या वहीच्या पहिल्या पानावर, रस्त्याच्या जुन्या आणि नव्या नावाखाली, लिहून ठेवावा.